माझ्या नावाचा खिळा

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सातवीच्या वह्या तपासत होते आणि मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते. रविवारी अमरावतीला येते म्हणाली होती. मी सकाळपासून वांगी चिरून, भाकरीचं पीठ काढून बसले, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही. दोन दिवस फोनही उचलला नाही. यावेळी चांगलं सुनवायचं असं ठरवत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, सुधाकरभाऊंचा फोन आला. "मंगलाताई, वंदना गेली," एवढंच ते म्हणाले. रविवारी सकाळी निघायच्या तयारीत असतानाच तिचं डोकं दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही... हे सगळं मला नंतर कळलं. माझं भांडण तसंच अर्धवट राहिलं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. रडून झालंय. लिहायला बसले तर आता हसूच जास्त येतं, याला मी काय करू?

आमची ओळख अकोल्याच्या कॉलेजातली. पुढे मी अमरावतीत मास्तरीण झाले आणि वंदी अकोल्यातच राहिली. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका बोळात तिची दोन खोल्यांची जागा होती. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत दागिने. हे दागिने सोन्याचे नव्हते. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर जी वाळकी बोंडं उरतात त्यांची टरफलं, सरकी, नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यांतून आणलेल्या रंगीत कडा आणि भंगारातली पितळी तार, एवढ्यावर तिचा कारभार चाले. सोन्याशी तिचं काही वैर नव्हतं, तिच्या कानातल्या कुड्या चांगल्या भरीव होत्या. पण सोनं सगळ्या बायांच्या अंगावर एकसारखंच दिसतं, असं तिचं म्हणणं होतं.

दुकानात आरसा नव्हता. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी आरसाच शोधायचं. वंदी समोर पाट सरकवून त्यांना बसवायची आणि विचारायची, "तुमाले सोताचं काय पाहवत नाई?" पुण्यामुंबईची बाई असेल तर उठून जायची. आपल्याकडच्या बायाही गप्प व्हायच्या, पण चहा संपेपर्यंत कुणी कानाला हात लावायचं, कुणी दंडाला. मग वंदी नेमका तिथलाच दागिना करायची. एका सरकारी कार्यालयातले बाबू होते. उजव्या हाताला सहा बोटं, म्हणून तो हात कायम खिशात. बायकोसाठी काही घ्यायला म्हणून आले आणि स्वतः अडकले. वंदीनं त्यांच्या सहाव्या बोटाची अंगठी केली, बाकीच्या पाचांना काही नाही. पुढे हा माणूस लग्नात दिसेल त्याच्याशी शेकहँड करत सुटला, अशी तक्रार त्याच्या बायकोनंच वंदीकडे केली होती.

दागिना ओवायचा तो मात्र साध्या सुती दोऱ्यात. नायलॉन वापर, टिकेल, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "टिकून काय करतं? घामानं दोरा कुजला पायजे. मंग समजते, बाई वापरून राहिली." वर्षभरात दोरा तुटला की माणूस परत यायचं आणि ती फुकट ओवून द्यायची. त्यासाठी तिनं अख्ख्या भिंतीवर खिळे ठोकले होते. प्रत्येक खिळ्याखाली नावाची चिठ्ठी. ओवायला आलेला दागिना आपापल्या खिळ्याला लटकायचा. ती भिंत बघितली की कोण कोण नटून हिंडतंय ते कळायचं.

तिच्या हातून फजिती झाली नाही असं नाही. धामणगाव रेल्वेला माझ्या भाचीचं लग्न होतं. हळदीचे दागिने कसले करावेत, तर वंदीनं सरकीचे केले. गळ्यात, दंडात, कमरेला टपोरी सरकी, भाची अशी शोभली की फोटोवाला तिला सोडेना. हळद झाली, अंगावर पाणी पडलं, आणि कुणीतरी ते ओले दागिने ओल्या टॉवेलात गुंडाळून सासरच्या बॅगेत कोंबले. चार-पाच दिवसांनी भाचीचा घाबराघुबरा फोन, आत्या, हाराला कोंब आले. वंदी सरकी भाजायची विसरली होती. मी भीतभीत तिला कळवलं तर ती फोनवर इतकी हसली की सुधाकरभाऊंनी तिच्या हातातून फोन घेऊन मला विचारलं, काय झालं हो? भाचीची सासू खटपटी. तिनं तो हार आडवा करून कुंडीत पुरला. त्या दिवाळीला वंदीला धामणगावहून कापूस आला, एक मूठभर. पुढे सगळी सरकी तव्यावर भाजूनच ओवली जायची.

आता माझं सांगते. माझ्या गळ्याखाली डाव्या बाजूला कोडाचा डाग आहे. विसाव्या वर्षी बोटाएवढा होता, मग तळहाताएवढा झाला. लग्नाआधी मी नवऱ्याला दाखवला, तो 'बरं' म्हणाला आणि विषय संपला. म्हणजे कुणी छळलं बिळलं नाही. लपवायचं वेड माझं मलाच. भर मे महिन्यात बंद गळ्याचं ब्लाउज, वर पदर, त्याला पिन. शाळेत पोरी मला कॉलरवाल्या बाई म्हणतात, तेही मला ठाऊक होतं. डाग पाहिलेली मैत्रीण एकच. मी पंचेचाळिशीची झाले त्या वर्षी वंदी घरी आली, माझ्या गळ्यावर पातळ कागद ठेवला आणि शाळेतली पोरं नकाशा गिरवतात तशी डागाची कड पेन्सिलीनं गिरवून घेतली. मी विचारलं काहून, तर म्हणाली गप बस, हलू नको.

महिन्यानं हार आला. भाजून काळी केलेली सरकी, पितळेची बारीक तार, आणि ती तार माझ्या डागाच्या कडेकडेनं नेमकी फिरलेली. मध्ये डाग उघडा. तिनं माझ्या कोडाला कोंदण केलं होतं. फार सुंदर होता तो हार. मी तो मऊ कापडात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. नऊ वर्षं. वंदी अधूनमधून विचारायची, घालतेस का? मी बेधडक सांगायची, घालते की, दिवाळीत घातला, बारशाला घातला. ती बरं म्हणायची.

संक्रांतीनंतर मी अकोल्याला गेले ती आमची शेवटची भेट. चहा पिता पिता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. खिळ्याखाली माझ्या नावाची चिठ्ठी, पार पिवळी पडलेली. मी सहज म्हटलं, माझा खिळा गं रिकामाच? वंदी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "रिकामा नाई मंगले. थांबून राहिला."

नऊ वर्षांत माझा दोरा एकदाही तुटला नव्हता. तिला पहिल्या वर्षीच कळलं असणार आणि मी आपली बारशांच्या गोष्टी रचून सांगत होते... माझे कान तापले. तिनं चिवड्याची ताटली पुढे केली आणि शेजारणीच्या सुनेची काहीतरी गंमत सांगायला लागली. येत्या खेपेला घालूनच येईन, असं मला तेव्हा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील.

पुण्यानुमोदनाला तिची सगळी गिऱ्हाइकं आली. बुद्धवंदना झाली, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि त्या पांढऱ्यावर वंदीचे दागिने. कुणाच्या कानात बोंडाची फुलं, कुणाच्या दंडात रंगीत कडा. सहा बोटांचे बाबू हात जोडून उभे होते, अंगठीसकट. मंडपात मोकळ्या गळ्याची, खरं तर झाकलेल्या गळ्याची, मी एकटी. घरी आल्या आल्या कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गळ्याचं ब्लाउज घालून, पदराला पिन न लावता, हार घालून शाळेत गेले. नऊ वर्षांत डाग दोन बोटं पुढे सरकलाय, पण वंदीनं तार मऊच ठेवली होती, हातानं वाकवली की झालं. सातवीच्या वर्गात शिरून आधी फळ्यावर तारीख लिहिली. पहिल्या बाकावरची एक आगाऊ पोरगी टक लावून बघत होती. शेवटी मीच विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, "मॅडम, डाग त आमाले कवाचाच माईत हाय. हार नवीन हाय." सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. मे महिन्याचे किती ब्लाउज वाया घालवले मी...

मग रोजच घालू लागले. आपलं ऊन, आपला घाम. नऊ वर्षं पडून दोरा आधीच थकलेला होता, गेल्या आठवड्यात परीक्षेवर देखरेख करताना तो तुटला. पोरींनी पेपर सोडून बाकांखालची सरकी वेचली, मी रागावलेही नाही. रविवारी पुडी घेऊन अकोल्याला गेले. ओवायचं काम आता सुधाकरभाऊ शिकताहेत. त्यांनी चष्मा लावला, दोऱ्याचं टोक खिडकीपाशी नेलं, मानेकडचा पिवळा भाग अंगठ्यानं चोळून पाहिला.

"घाम लागला हाय," ते म्हणाले.

तार आणि सरकीची पुडी मी माझ्या हातानं माझ्या खिळ्याला लटकवली. आठ दिवसांनी या म्हणाले. परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, समोरच्या बाईशी गप्पा झाल्या, तिनं संत्री दिली, मी खाल्ली. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरताना लक्षात आलं, आज गळ्यात हारही नव्हता, आणि अकोल्यापासून मी पदर एकदाही ओढून घेतला नव्हता.