मामाच्या पाठीतला जबडा

माझा मामा शिंपी. ओठांत टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे "पोट आत घ्या, साहेब" हे त्याच्या तोंडून "होट आत घ्या, साहेव" असं यायचं. ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल.

मग गाठ निघाली आणि त्याचा डावीकडचा जबडा काढावा लागला. टाचण्या ओठांतून गळायला लागल्या. मीही नक्कल सोडली. गेलेल्या माणसाचा आवाज काढल्यासारखं वाटायचं.

नवं हाड वाढावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी मामाच्याच पेशी जबड्याच्या आकाराच्या एका सच्छिद्र साच्यात पेरून तो गालात बसवला. कडेच्या पेशी जगल्या, मधल्या उपाशी मेल्या.

"किरणोपचारांनी भाजलेली जागा. तिथून आतपर्यंत रक्त पोचलंच नाही," बाई म्हणाल्या. "आता दुसरा साचा पाठीच्या स्नायूत ठेवू. तिथे रक्त भरपूर. रक्तवाहिन्या आत शिरल्या, हाड धरलं, की वाहिनीसकट उचलून तोंडात लावू."

"म्हणजे आता मी लोकांच्या पाठीमागे नाही, माझ्याच पाठीतून बोलणार!" मामा बोबडं हसला.

घरी मात्र कुणी हसेना. शर्टाखाली जबड्याच्या आकाराचा उंचवटा. मामा पालथा झोपायचा. जेवताना घास थांबवून मागे वळून बघायचा.

"काय झालं हो?" मामी विचारायची.

"तोही चावतोय."

तपासणीला बाई त्या उंचवट्यावर पेनासारखं एक यंत्र टेकवायच्या आणि आतलं रक्त ऐकू यायचं : शूव... शूव... तो आवाज मी वाटेतच उचलला. घरी काढला, तर मामीने उलथनं उगारलं.

मामीही शिवणकामातली. पाठीतलं ते हलू नये म्हणून तिने मामाला अस्तराची घट्ट बंडी शिवली. "माझ्या हातची आहे. तसूभर सरकायचं नाही!"

पुढच्या खेपेला बाईंनी बंडीची एक बाजू उचलून यंत्र टेकवलं. नुसती खरखर.

"काढा ही आधी!"

खाली कातडी पांढरी पडलेली, तिच्यावर शिवणीचे वळ.

"अहो ताई, कोवळ्या वाहिन्या या! एवढ्या आवळल्यात, रक्त जाणार कुठून?"

"माप बरोबर होतं हो," मामी पुटपुटली. पुन्हा, "माप बरोबर होतं."

बाईंनी यंत्र पुन्हा टेकवलं. खरखर. खरखर. मग फार लांबून आल्यासारखं... शूव.

हाड वाचलं, पण एक टोक मेलं होतं. ते छाटून उरलेलं जबड्यात बसवलं. मामाचं तोंड जरा तिरकं आहे. टाचण्या धरतो, उजवीकडेच. मामी आता सगळंच सैल शिवते. "वहिनी, यात माझा भाऊपण मावेल!" गिऱ्हाईक ओरडतं, तरी ती ऐकत नाही.

परवा दुकानात सगळं शांत होतं. माझ्या तोंडून सहज निघालं : शूव...

मामाचा हात पाठीवर गेला. मामीने कात्री खाली ठेवली, उठून आली आणि त्याच्या पाठीला कान लावला. तिथे आता नुसता व्रण आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी ती बराच वेळ ऐकत राहिली.