अव्वाचा पांढरा लेप

अव्वाला पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागं सरकायचाच. संक्रांत झाली की ती कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरा लेप फासून घ्यायची. त्यातून दिसायचे ते फक्त डोळे आणि पानानं रंगलेले दात. ती गावच्या ज्वारीची राखण करायची. दिवसभर मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, आणि ज्वारी निघाली की अमराईची राखण. पाखरं गोफणीला नव्हे, अव्वाच्या तोंडाला भितात, असं गाव म्हणे. तिला त्याचा राग नव्हता. "व्हय, बुजगावणंच हाय म्या," ती म्हणायची, "पर भाकर खाताना कुनी हसत न्हाय."

आमचं गाव सास्तूरजवळ, तेव्हा निजामाच्या राज्यात. अव्वाचं माहेर कानडी मुलखातलं, त्यामुळं उन्हाला ती 'बिसिल' म्हणे. आणि बोले अशी, की बिसिल म्हणजे कुणी शेजारी राहणारा आडदांड गडीच वाटावा. "आज बिसिल सकाळपासनं चिडलंय, त्याच्या तोंडाला लागू नगा," असं ती शेतावर निघालेल्या बायकांना बजावायची. मग आपल्या वाटीतला लेप त्यांच्या गालाला लावूनच पुढं सोडायची. नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

लेप करणं हे मात्र तिचं सोवळ्यातलं काम. ओढ्याकाठची पांढरी माती भिजवायची, जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळायची, वाळवून पिठासारखी करायची. करडीचं तेल कोमट करून त्यात मधाच्या पोळ्याचं मेण विरघळवायचं, मग माती घालून घोटत बसायचं आणि शेवटी कोरफडीचा गर. घोटताना कुणी बोललेलं तिला चालत नसे. नवा लेप झाला की आधी स्वतःच्या डाव्या हाताला, तेही अर्ध्याच. मग तो हात उन्हात धरून बसायची. संध्याकाळी धुऊन दोन्ही भाग ताडून बघायची. "लोकास्नी लावायच्या आदी हाताला इचारावं," असं तिचं म्हणणं.

मी आठ वर्षांची असताना चुलीवरचं आधण कलंडलं आणि माझा गाल भाजला. जखम भरली, पण वर गुलाबी, कोवळी कातडी आली आणि ऊन लागलं की ती काळवंडायला लागली. शाळा होती सास्तूरला. वाटेत नुसता माळ, सावली औषधालाही नाही. माझ्या वडिलांना सगळा गाव अप्पा म्हणे. त्या अप्पांनी निर्णय दिला, शाळा बंद. "पोरीची जात. तोंडावर काळा डाग ऱ्हायला तर पुढं कसं व्हायचं?" मी रडून घर डोक्यावर घेतलं. अक्षरं नुकतीच ओळखीची व्हायला लागली होती, आणि आता ती सुटणार होती.

माझं रडणं ऐकून अव्वा आमच्या ओसरीवर येऊन बसली. "अप्पा, तुमचं खोटं न्हाय," ती म्हणाली. "पर येक उन्हाळा पोरगी माज्या हवाली करा. डाग काळा पडला, तर म्याच तिला घरात बसवीन."

अप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुमी म्हनताय म्हनून, अव्वा."

आणि पहिल्याच दिवशी अव्वानं घोळ घातला. लेकराचा कोवळा गाल म्हणून तिनं लेपात चांगला चमचाभर मध घातला. निम्मा माळ ओलांडेपर्यंत परगण्यातल्या सगळ्या माशा माझ्या वऱ्हाडात सामील झाल्या होत्या. शाळेत लाकडी तख्तीला पांढरी माती सारवून आम्ही त्यावर उर्दू गिरवायचो. मौलवीसाहेब मायाळू माणूस. माझा अवतार पाहून म्हणाले, "तख्ती की मिट्टी मुँह कू लगाको आयी क्या, बेटी?" वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "लाडापायी चुकले गं!" दुसऱ्या दिवसापासून मध बंद झाला.

रोज सकाळी मी तिच्या दारात उभी. ती लेप लावायची तो कानामागंसुद्धा. "बिसिल चोरवाटंनं येतंय," म्हणायची. संध्याकाळी डाळीच्या पिठानं तोंड धुऊन द्यायची, हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवायची आणि "हं" एवढंच म्हणायची. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी रात्र जायची.

आंबे पाडाला आले तेव्हा एका संध्याकाळी ती मला अप्पांच्या पुढ्यात घेऊन गेली आणि गाल त्यांच्याकडं वळवला. गुलाबीपणा गेला होता. गालाला अंगाचाच रंग आला होता. जबड्यापाशी एक बारीक रेघ तेवढी उरली होती. अप्पांनी निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "उद्या शाळंला उशीर करू नगंस."

पुढं मी शिक्षिका झाले. माझ्या शिक्षणाचं श्रेय लोक अप्पांना देतात. द्यावं, त्यांनी शब्द पाळला. पण त्या उन्हाळ्यात अव्वा ओसरीवर येऊन बसली नसती, तर मी अंगठाच उठवत राहिले असते. तिचे उपकार मी कशानं फेडणार होते? मी ते आनंदानं अंगावर बाळगते.

त्या उन्हाळ्यानंतर दोन-तीन वर्षांनी रझाकारांची धास्ती वाढली आणि अप्पांनी आम्हाला निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरला मामाकडं हलवायचं ठरवलं. अव्वालाही चला म्हणून सांगून पाहिलं. "आंबा कोन राखंल?" म्हणाली. मी बैलगाडीत बसल्यावर तिनं माझ्या तोंडाला लेप लावला. गाडी हलली तशी मागून ओरडली, "तिकडं शाळा बगा गं हिला!"

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. मी धावत अव्वाच्या घरी गेले, तर दाराला कडी. श्रावणात तापानं गेली, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. "शेवटी मानसं वळखंना. पर येईल त्याला येकच इचारायची, पोरगीला तिकडं शाळंत घातलं का? आमाला काय ठावं? आमी काय सांगनार?"

त्या श्रावणात मी सोलापूरच्या शाळेत पहिल्या रांगेत बसत होते. हे अव्वाला सांगू शकेल असं गावात कुणी नव्हतं.