उंच हिरा आणि माझी नोकरी

बायांनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज साखरपुड्याची अंगठी घ्यायला गेलो होतो. मी, होणारा नवरा आणि त्याची आई. सराफाने दोन अंगठ्या काढल्या. एकीत हिरा काट्यांवर उंच बसवलेला, दुसरीत चारी बाजूंनी सोन्याच्या पट्टीत बंद. मी लगेच बंदवाली उचलली.

मी भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर मालावरून हात फिरवायचा असतो. त्या काट्यांत दोरा अडकला की टॉवेल बाद. उंचवाली पर्समधल्या नॅपकिनवर घासून दाखवलीसुद्धा. सर्रकन दोरा निघाला.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, उंच हिरा चारचौघांत उठून दिसतो की. आन् लग्नानंतर तुला कुटं टॉवेल तपासाय जायचंय?"

मी त्याच्याकडं पाहिलं. हा पठ्ठ्या उंच हिऱ्याचा फोटो काढत होता. म्हणाला, "आई म्हणती ते घे की. आपलं ठरलंयच ना."

कुणाचं ठरलंय? केव्हा? स्थळ आणताना "मुलगी नोकरीवालीच पाहिजे" म्हणून ह्यांनीच सांगितलं होतं!

मी अंगठी ठेवली आणि सरळ कामावर गेले. आत्ता त्याचा मेसेज आला, "उंचवालीच ऑर्डर केली. तुझं माप होतंच."

तुमची नोकरी सुटणार हे तुम्हाला कुठं कळलं होतं? मला सराफाच्या दुकानात कळलं.

अंगठी होईल तयार. बोट कुणाचं आणायचं, ते त्याने आता आईलाच विचारावं.