दौलतभाऊंचं ‘पाहून घेऊ’

दौलतभाऊ माणसं बोलावून सल्ला विचारत, याचं गावात फार कौतुक होतं. ओसरीवर गादी घालायची, पाहुण्याला तक्क्याशी बसवायचं, चहात दूध जास्त टाकायला लावायचं, आणि मग डोळे मिटून मान हलवत शेवटपर्यंत ऐकायचं. बोलणं संपलं की डोळे उघडून म्हणायचं, “पाहून घेऊ.” पाहुणा खूश होऊन उठायचा. त्याला वाटायचं, भाऊ आता विचार करणार. भाऊंचं काय ते आधीच ठरलेलं असे. डोळे मिटत ते झोप येई म्हणून.

बरं, भांडणातही त्यांचा शब्द हाच. कोणी आडवा गेला की बोट दाखवून, “पाहून घेऊ.” सूरही तोच. साहेबाला मान आणि दुश्मनाला धमकी एकाच शब्दात उरकायची, एवढी एक हुशारी देवानं त्यांना दिली होती. नात्यानं माझे चुलतदीर लागत, त्यामुळे ती मला फुकटात जवळून पाहायला मिळाली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं अळीनं पोखरलेली, आणि जो कापूस घरी येई त्याला घाटंजीच्या बाजारात कोणी ढुंकून विचारत नसे. भाऊ सरपंच. लोक पारावर बसून त्यांना विचारू लागले, कापसासाठी नागपूरला जाऊन तुम्ही काय बोलून आलात? भाऊ नागपूरला जाऊन जेवून आले होते. उत्तर काय देणार? मग एका सभेत त्यांनी नाल्याकडे बोट केलं. पल्याडच्या गावानं दर वर्षीसारख्या बंधाऱ्याला फळ्या लावून पाणी अडवलं होतं. भाऊ म्हणाले, “आपलं पाणी थे लोक अडवून राह्यले. आता लढाई आहे.” कापसाचा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून त्यांनी पाण्याचा काढला. दुसरं काही नाही.

लढाई कोणालाच नको होती हो. नाला तो केवढा! अल्याडून हाक मारली की पल्याडची बाई चुलीवरचा तवा उतरवून बाहेर येई. त्यांच्या लेकी आमच्या घरात, आमच्या त्यांच्या घरात. माझी सुनंदा पल्याडच दिलेली. आणि भाऊंचा हुकूम निघाला, फळ्या उपटायला घरटी एक माणूस फावडं घेऊन आला पाहिजे. आमच्या घरून माझा विनोद. पोरगा जेवता जेवता थांबला. म्हणाला, “माय, समोर भाटवे उभे राह्यले तं मी काय करू?” भाटवे म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, माझा जावई. मी उठून भाऊंकडे गेले आणि म्हटलं, कोणा जाणत्याला तरी विचारा. विचारायला ते नेहमीच तयार.

पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले वानखडे साहेब यवतमाळहून आले. दिवसभर नाल्याकाठानं हिंडले, आमच्या विहिरींत वाकून वाकून पाहिलं. मग ओसरीवर बसून सांगितलं, “दौलतराव, बंधारा त्यांचा आहे, पण त्याचा पाझर तुमच्याही विहिरींना आहे. फळ्या काढाल तर पाणी सरळ नदीला जाईल, आणि होळीच्या आत तुमच्या विहिरी तळ दाखवतील.”

भाऊंनी डोळे उघडले. “पाहून घेऊ.”

साहेब फाटकाशी मला म्हणाले, माणूस समजूतदार आहे. मी म्हटलं, साहेब, ते तुमच्याकडे पाहून म्हणाले की नाल्याकडे? साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते.

मी मात्र परत आत गेले.

“भाऊजी, साहेबाचं आयकलं ना?”

“आयकलं तं. लय हुशार मानूस. पन वहिनी, त्याले लढाई समजत नाही.”

“पानी समजते ना.”

“आता मांगं सरलो तं लोक हासतीन.”

“लोक हासूनच राह्यले. तुम्ही डोये मिटता, म्हून दिसत नाही.”

धनत्रयोदशीला लढाई झाली. सेनापती अल्याडच्या काठावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, छत्रीखाली. पल्याडची माणसं नुसती उभी होती. तरी आमच्यातल्या कोणीतरी दगड भिरकावला आणि तो नेमका माझ्या जावयाच्या कपाळाला लागला. विनोदनं गळ्यातला दुपट्टा काढून त्याच्या कपाळाला बांधला. भाऊ मागून ओरडले, तसं त्यानं त्याच हातानं पुन्हा फावडं उचलून फळ्या उपटल्या. पाणी धडाडत गेलं. भाऊंनी गुलाल उधळून घेतला.

भाऊबीजेला सुनंदा आली नाही. विनोद आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला तो दुपारपर्यंत. मग आपणच उठला आणि पाट भिंतीला लावून ठेवला.

होळीच्या आत विहिरी आटल्या. भाऊ काय म्हणाले असतील? “वानखडे साहेबानं हे आदी सांगाले पाह्यजे होतं.” पुढल्या साली पल्याडच्यांनी बंधाराच वर हलवला, वळणाच्या पलीकडे. आता पाझरही त्यांच्याच शिवारात. आमच्याकडे टँकर येऊ लागला, आणि टँकर आणला म्हणून भाऊ पुन्हा निवडून आले. आमचं गावही काही कमी नाही.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखूचा खर्रा सोडा. भाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाहून घेऊ. वैशाखात गेले.

मेल्या माणसाला आंघोळ घालायची, तर त्यांच्या विहिरीत कळशी बुडेना. टँकरचा पत्ता नाही. विनोदनं कोणाला न विचारता बैलगाडीवर ड्रम चढवला आणि नाला ओलांडला. गाडी परत आली ती भरलेला ड्रम घेऊन. सोबत जावई, आणि ड्रमाला धरून माझी सुनंदा. त्या दिवाळीनंतर माझी लेक पहिल्यांदा माहेरच्या गावात उतरली, तीही भाऊंच्या मयतीला.

पहिला तांब्या जावयानं घातला. कपाळावरचा वण उन्हात स्पष्ट दिसत होता. भाऊंचे डोळे मिटलेले, चेहरा नेहमीचाच, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतल्यासारखा. पाणी घालून झालं आणि ओसरीवरची माणसं सवयीनं थोडी थांबली. भाऊ काही म्हणाले नाहीत.