मांडीवरचा ताकाचा तांब्या

पगार घेताना लाज वाटावी असं काम मी आयुष्यात एकच केलं. बेळगावातल्या एका गॅरेजात मी गाड्यांची ट्रायल घ्यायचो. तीही रस्त्यावर नव्हे. शहराच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवर, चिऱ्याची एक बंद पडलेली खाण होती. मालकानं ती भाड्यानं घेतली होती आणि तोंडाशी साखळी लावली होती. साखळी लावली की आत आम्ही, गाडी आणि लाल धूळ. माणूस नाही, जनावर नाही, पोलीस नाही. तिथं गाडी जितकी पळेल तितकी पळवायची, जितकी आदळेल तितकी आदळायची, आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मिल्ट्रीच्या लिलावात निघालेले जुने ट्रक मालक विकत घेत. ते खिळा न् खिळा उघडून पुन्हा जोडले जात, आणि मग निपाणीचे तंबाखूवाले किंवा खानापूरच्या जंगलातले लाकूडवाले ते घेऊन जात. पुढची चाकंही ओढत असल्यामुळे चिखलातून हे ट्रक म्हशीसारखे शांतपणे बाहेर येत. दुसरी जात गोव्याची. तिकडच्या हौशी लोकांच्या बुटक्या, दोनच माणसांच्या, कापडी टपाच्या गाड्या बिघडल्या की घाट चढवून आमच्याकडं आणल्या जात. स्टिअरिंग डावीकडं, बसल्यावर बूड जमिनीला टेकतंय की काय असं वाटणारी गाडी, आणि पाय दाबला की मान मागं. खाणीच्या सपाट तळावर मी त्या गोल पळवायचो आणि चुन्याच्या रेघेवर ब्रेक मारून उभ्या करायचो. ट्रकांसाठी खाणीच्या दुसऱ्या अंगाला एक उभा चढ होता, पुढं ओळीनं तीन खड्डे आणि शेवटी पाण्याचा चर.

घरी वडील आणि थोरला भाऊ दिवसभर वाकून रताळ्याचे वेल लावत. मी संध्याकाळी केसांपासून नखांपर्यंत लाल होऊन परत यायचो. आई म्हणायची, "किती राबतंय गं माझं लेकरू," आणि माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा भावापेक्षा मोठा पडायचा. मी तो खायचो. दिवसभर खड्ड्यांतून ट्रक उडवत मी एकटाच मोठ्यानं ओरडत होतो, हे सांगायला माझी जीभ कधी उचलली नाही. त्या लोण्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

गॅरेजचे मुख्य मिस्त्री म्हणजे आमचे अण्णा. घरात कन्नड, गॅरेजात मराठी आणि रागावले की दोन्ही. ट्रक पास झाला की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. मागं चिऱ्यांचं वजन भरायचं, आणि पुढं माझ्या शेजारी गिऱ्हाइकाला बसवून त्याच्या मांडीवर गळ्यापर्यंत भरलेला ताकाचा पितळी तांब्या द्यायचा. चढ, तीन खड्डे, चर असं सगळं करून ट्रक परत आला आणि ताक सांडलं नसेल, तर चाकांवरचे धक्के झेलणारे पाटे ठीक, गाडी पास. मग ते ताक गिऱ्हाइकानं आणि मी अर्धं अर्धं प्यायचं. सांडलं, की अण्णा ट्रकखाली.

"पानी का न्हाय अण्णा?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"पानी वाळतंय. मग मानूस म्हनतोय, सांडलंच न्हाय. ताकाचा डाग धोतरावर बसला की बसला. कोन खोटं बोलतंय बघू."

त्याच सुमारास माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी संकेश्वरजवळच्या एका गावची. वडिलांचा ऊस, दारात स्वतःच्या बैलगाड्या. त्यांचा एक हट्ट सगळ्या भावकीला माहीत होता: ड्रायव्हरला पोरगी द्यायची नाही. आज इथं, उद्या तिथं, परवा कुठं पत्ता नाही, असल्या माणसाच्या मागं पोरीनं कंदील घेऊन बसायचं का, असं ते म्हणत. म्हणून माझ्या चुलत्यांनी त्यांना सांगितलं होतं की आमचा मुलगा गाडी चालवत नाही, तपासतो.

मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि तिची आत्या म्हणाली, "तुला काय इचारायचं असलं तर इचार गं." अशा वेळी मुली मान खाली घालून गप्प बसत. ही म्हणाली, "गाडी कवा उलटलीया का तुमची?"

"न्हाय," मी म्हणालो.

इतक्या पटकन म्हणालो की मलाच ते खोटं ऐकू आलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ट्रे उचलून आत गेली. मला ती फार आवडली होती. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं लावून बसलो. चुलत्यांना वाटलं, मुलगी पसंत नाही.

निरोप आला तो असा: "पोरगा तपासतो म्हंजे करतो काय, त्ये मी सोता बघून येनार. मग ठरवू." कधी येणार, ते सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी निपाणीच्या एका तंबाखूवाल्याचा ट्रक ट्रायलला होता. त्यांच्या वखारीचा माणूस ट्रक न्यायला यायचा होता. मी मागं चिरे भरत होतो, तेवढ्यात साखळीच्या पलीकडं पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका आणि काखेत छत्री दिसली. मुलीचे वडील. माझ्या हातातला चिरा पायावर पडता पडता राहिला.

अण्णांनी साखळी काढली. "या या पाव्हणं. लई उशीर केलासा. बसा वर."

अण्णा त्यांना निपाणीचा माणूस समजले होते, हे माझ्या ध्यानात यायलाच वेळ लागला. मी धावत गेलो. "मामा, तुम्ही झाडाखाली बसा, मी जरा..."

"गप," ते हळूच म्हणाले. "मला बघू दे." आणि छत्री माझ्या हातात देऊन ट्रकमध्ये चढून बसले.

अण्णांनी त्यांच्या मांडीवर तांब्या ठेवला, रीत समजावली आणि वर धीरही दिला. "भ्याचं कारण न्हाय पाव्हणं. ह्या पोराचा हात लई चांगला. दोनदा आडवी केलीया त्यानं गाडी, एकदा चढावर, एकदा चरात. पन एकदाबी काच फुटली न्हाय!"

पाहुण्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मुलीनं बघितलं होतं तसंच. मी स्टिअरिंगकडं बघत राहिलो.

त्या फेरीत मी ट्रक बाळंतिणीची डोली न्यावी तसा नेला. चढ रांगत चढलो. खड्ड्यात एकेक चाक असं उतरवलं की जणू खाली कुणी झोपलंय. चर ओलांडला तेव्हा बेडूकसुद्धा हलला नसेल. ताक जागच्या जागी. अण्णांनी काठाला बोट लावलं आणि म्हणाले, "पास!"

पाहुणे उतरायला लागले नाहीत.

इथं मी गप्प बसलो असतो तर निभलं असतं. पण ह्या माणसाच्या मुलीला एक खोटं सांगून झालं होतं, आणि आता त्याच्या मांडीवरच्या ताकाला साक्षीला ठेवून दुसरं चाललं होतं. उद्या तंबाखूच्या रानात हा ट्रक बायामाणसं घेऊन जाणार. मला राहवलं नाही.

"अण्णा, ही फेरी धरू नका. मी हळू आणली."

"हळू? का रं?"

काय सांगणार? "भ्यालो," म्हणालो.

"ट्रायलवाला भ्यालाय!" अण्णा कपाळावर हात मारून हसले. "पाव्हणं, बसा तसंच. परत."

या वेळी नेहमीसारखा नेला. चढाच्या माथ्यावर पुढची चाकं क्षणभर हवेत राहिली. पहिल्या खड्ड्यात पटका डोळ्यांवर आला, दुसऱ्यात पाहुण्यांनी "आयायायाया" असा आवाज काढला, तिसऱ्यातून वर येताना मी तिरक्या नजरेनं बघितलं तर दोन्ही हातांनी तांब्या धरलेला, आणि ताक अजून आत. चरातलं पाणी दोन्ही बाजूंनी उडालं. सगळं पार पडलं. मी सपाटीवर आलो, ट्रक सावकाश घेतला, आणि अण्णांपाशी येऊन थांबलो.

पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत ताकानं भिजलं होतं.

"सांडलं," पाहुणे म्हणाले.

"कुठं सांडलं? तिसऱ्या खड्ड्यात?"

"न्हाय. हिथं. सपाटीवर."

अण्णांना हे नवीन होतं. खड्ड्यात न सांडणारं ताक सपाटीवर सांडतं म्हणजे पाट्यात काहीतरी भलतंच. ते कन्नडमध्ये पुटपुटत ट्रकखाली शिरले. पाटे सैल केले, बोल्ट बघितले, पुन्हा आवळले. ऊन चांगलंच तापलं होतं. पाहुणे माझ्या शेजारी ओल्या धोतरानं उभे, आणि मी मनात म्हणत होतो, झालं, संपलं. ड्रायव्हर तर ड्रायव्हर, वर खोटारडा, वर भित्रा, आणि नव्या धोतराचा असा सत्यानाश.

अण्णा तेलकट होऊन बाहेर आले. "कायबी न्हाय खाली. चला, आनि एक फेरी." त्यांनी मडक्यातून तांब्या पुन्हा भरला. पाहुणे मी हात द्यायच्या आत वर चढले होते.

तिसऱ्या फेरीत एक थेंब सांडला नाही. आम्ही ताक अर्धं अर्धं प्यालो. पाहुणे जरा हिरमुसलेले दिसले.

त्याच वेळी खरा निपाणीचा माणूस घाम पुसत साखळीपाशी आला. "ट्रक तयार हाय व्हय? एसटी चुकली बगा."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग ओल्या धोतराकडं. "मग तुमी कोन?"

"मी पोरीचा बाप."

"कुनाच्या पोरीचा?"

पाहुण्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अण्णांच्या तोंडाचा आ झाला आणि तो बराच वेळ मिटला नाही. एवढा मोठा माणूस, पण पाय धरायलाच निघाला. पाहुण्यांनी त्यांना थांबवलं आणि झाडाखाली उभ्या असलेल्या गोव्याच्या तांबड्या गाडीकडं मान केली.

"त्यातबी ताक धरत्यात काय?"

"न्हाय, न्हाय. ती नुसती पळती."

"बघू."

त्यांना घेऊन मी तांबड्या गाडीत खाणीला चार-सहा फेरे मारले असतील. पहिल्याच वळणावर पटका सुटून मागं झेंड्यासारखा फडफडायला लागला. त्यांनी तो सोडून दिला. चुन्याच्या रेघेवर ब्रेक मारला तेव्हा त्यांचे पांढरे केस उभे होते, आणि "साकु का?" असं अण्णा लांबून ओरडत होते. पुरे झालं का म्हणून. पाहुण्यांनी हातानंच नाही म्हटलं.

पटका शोधून, झटकून, पुन्हा बांधून झाल्यावर त्यांचा चेहरा परत पहिल्यासारखा झाला.

"पोरीला तू न्हाय म्हनून सांगितलास. उलटली न्हाय म्हनून."

मी मान खाली घातली.

"मी तिला काय सांगनार न्हाय, व्हय बी आनि न्हाय बी. ती हिथं येईल आत्याबरोबर. तिच्या तोंडावर तू सांग. मग ती म्हनंल तसं."

ती आली तो सोमवार होता. मधले आठ दिवस मी आईच्या हातचं लोणी बाजूला सारून जेवलो, आणि आईला वाटलं, मला ताप आलाय. शहापूरच्या मागावरची हिरवीगार साडी नेसून ती खाणीच्या तोंडाशी उतरली. आत्या सावलीत बसल्या. अण्णा ह्या वेळी कुणालाही काही न बोलता, दोन्ही हात धुऊन, ट्रकच्या पलीकडं उभे राहिले. तिथून सगळं ऐकू येत होतं, हे त्यांना माहीत होतं.

"दोनदा आडवी झालीय," मी म्हणालो. "एकदा चढावर, एकदा चरात. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय. आप्पा काय सांगनार न्हाईत म्हनाले, आनि त्याच रात्री सगळ्या आळीला हातवारे करून सांगत बसले." तिनं चढाकडं बघितलं. "तवा गाडीत कोन हुतं?"

"मी आणि चिरे."

"आनि मानूस?"

"दुसरा माणूस असला तर मी अशी चालवत नाही."

"आप्पांना नेलासा की."

"पहिल्यांदा हळू नेलं."

"त्ये बी सांगितलं त्यांनी. लई राग आलता त्यांना त्या हळूचा." ती आवाज खाली आणून म्हणाली, "त्या अण्णांना ह्ये सांगू नका. ताक आप्पांनीच ओतून घेतलं मांडीवर. आनि एक फेरी पायजे हुती त्यांना."

मी ट्रकच्या पलीकडं बघितलं. अण्णा भर उन्हात पाट्याखाली घालवलेला तो सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढं आला. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. त्यांनी पुढं कित्येक वर्षं दुसऱ्या मिस्त्र्यांना ती गोष्ट सांगितली, की एक ट्रक असा आला होता, खड्ड्यात ठीक आणि सपाटीवर बिघडलेला. मी शेजारी बसून मान डोलवायचो.

तिनं पदर खोचला आणि ट्रकमध्ये चढून बसली. अण्णा गंभीर चेहऱ्यानं भरलेला तांब्या घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं एकदा साडीकडं बघितलं, एकदा ओळीतल्या तीन खड्ड्यांकडं, आणि तांब्या उचलून गटागटा अर्धा रिकामा केला.

"अगं ए!" आत्या सावलीतून उठल्या.

"अवं बाई," अण्णा ओरडले, "ते पास झाल्यावर प्यायचं असतंय!"

तिनं ओठ पुसले. "झाला की पास," ती म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता, "चालवा."

मी गिअर टाकला. हळू नेला नाही.