ओल्या लाकडाचं स्टूल

साठ सालच्या आसपास धडगावच्या सुतारकाम वर्गात मी एका पावरा आदिवासी माणसाला नापास केलं. बाकीचे स्टूल ठोकत असताना हा फळी हुंगायचा, बोटांनी वाजवायचा आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचा.

"वल्लं शे, मास्तर. थांबा."

पास झाला असता तर वसतिगृहात सुताराची नोकरी ठरलेली होती. मी वहीत 'आळशी' असा शेरा मारला.

वैशाखात तपासनीस साहेब आले आणि मी नमुना म्हणून केलेल्या स्टुलावर बसले. लाकूड वाळून पाय खिळखिळे झाले होते. साहेब थेट जमिनीवर!

पुढे चौकशीत लाकूड ओलं होतं हे कळलं आणि नोकरी त्यालाच मिळाली. पण त्या क्षणी कपडे झटकत उठताना साहेबांनी विचारलं, "हे स्टूल कुणी केलं?"

दारात उभ्या असलेल्या त्या पावरा माणसानं हनुवटीनं मला दाखवलं. "मास्तरनी. माले बी असंच शिकाडी ऱ्हायना व्हता, मी शिकनू नही."