पेल्यावरची रेघ

बाईंच्या टेबलाच्या वरच्या खणात लाल नेलपॉलिशची बाटली असायची. बाईंनी उभ्या जन्मात नखाला रंग लावला नव्हता. ती बाटली पेल्यांसाठी होती.

बाई रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत्या. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एकोणीस वर्षं बसत होत्या, आणि त्यातली बहुतेक वर्षं मूत्रपिंडाच्या रुग्णांत गेली होती. मूत्रपिंडं थकली की प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही. आधी पायांत उतरतं, मग छातीत चढतं. म्हणून दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. बाई प्रत्येक नव्या रुग्णाला दटावायच्या, "पुढच्या खेपेला घरचा पेला घेऊन या. रोजचा. पाहुण्यांसमोर ठेवता तो नको." पेला आला की मोजपात्रातून त्यात दोनशे मिलीलिटर पाणी ओतायच्या आणि काचेवर पाण्याच्या पातळीशी लाल रेघ मारायच्या. एका घरातला पेला म्हणजे दुसऱ्या घरातला हंडा असतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत चुका करून, शिव्या खाऊन त्या ते शिकल्या होत्या.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद होता. रुग्णांना द्यायच्या त्यांच्या कागदाची सुरुवातच अशी होती : 'रुग्णाने द्रवपदार्थांचे सेवन विहित मर्यादेत ठेवावे व आहारातील क्षारांच्या प्रमाणाबाबत दक्षता बाळगावी.' त्या कागदात एक अक्षर चुकीचं नव्हतं आणि त्यातली एक ओळ कुणी वाचत नव्हतं. बाईंचा नवरा सुतार. उरलेल्या कागदांत तो खिळे बांधायचा. "जाड असतो गं तुझा कागद, फाटत नाही," असं कौतुकही करायचा. बाई हसायच्या. नवी येईपर्यंत त्यांना यात हसण्यासारखंच वाटायचं.

नवी म्हणजे नवी आहारतज्ज्ञ, वय चोवीस. तिच्या कॉलेजात म्हणे लिहिण्याचा वेगळा विषय होता. फाइलीत नोंद कशी करायची, रुग्णासाठी कागद कसा लिहायचा, याचीसुद्धा परीक्षा! पहिल्याच आठवड्यात तिने लिहिलं, 'मिठाची डबी जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. फडताळात सगळ्यात वर ठेवा. उठायचा कंटाळा आला की मीठ आपोआप कमी होईल.' अख्ख्या वॉर्डाने तो कागद एकमेकांना वाचून दाखवला. एका रुग्णाच्या बायकोने तर जावेसाठी आणखी एक प्रत मागून नेली. एकोणीस वर्षांत बाईंकडे कुणी दुसरी प्रत मागितली नव्हती.

बाईंच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून. दुसऱ्याच्या पोटाला काय सोसेल हे सांगण्यात हयात गेली, पण या दुखण्यावरचं पथ्य काही त्यांना ठाऊक नव्हतं.

मोठे डॉक्टर फेरीला आले की आहाराच्या नोंदीचं पान सरळ उलटायचे. आता थांबायला लागले. नवीच्या नोंदी पाच ओळींच्या असायच्या. वजन किती, तपासणीत काय आलं, माणूस प्रत्यक्षात काय खातो, बिघडतंय कुठे, करायचं काय. एकदा सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणाले, "बघा बाई, नोंद अशी हवी. तुमची वाचायची म्हणजे मला रजा टाकावी लागते." सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग खोलीत जाऊन त्यांनी टेबलाचा खण इतक्या जोरात लावला की नेलपॉलिशची बाटली आत आडवी झाली.

कालची पोर! बरं, ती गर्विष्ठ तरी असावी, कामचुकार तरी असावी, म्हणजे बाईंची सोय झाली असती. तेही नाही. सगळं रुग्णालय त्यांना बाई म्हणायचं, ही एकटी ताई म्हणायची. प्रत्येक कागद घेऊन यायची आणि विचारायची, "ताई, यात काही राहिलंय का?" बाई सांगायच्या, पण हातचं राखून. मंगळवारी रुग्ण पेले घेऊन यायचे. त्या दिवशी काही ना काही काम काढून बाई नवीला वरच्या मजल्यावर पिटाळायच्या. निदान रेघ तरी आपली राहू दे, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

मग पुस्तिकेचं निघालं. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना एक छापील पुस्तिका द्यायची. ही कल्पना बाईंनीच आठ वर्षांपूर्वी मांडली होती. डॉक्टरांनी काम नवीला दिलं आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही तपासा आणि सही करा." बाईंच्या सहीशिवाय आहाराचा कागद रुग्णाच्या हाती जात नसे, म्हणून तेवढी त्यांची आठवण झाली होती.

बाई लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसल्या. चूक सापडावी म्हणून वाचत होत्या, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. पहिली तीन पानं इतकी सुरेख होती की त्यांना रडू येईल असं वाटलं. आणि चौथ्या पानावर चूक सापडली. 'दिवसभरात चार पेले पाणी. त्याहून जास्त नाही.' बस्स, एवढंच. पेला केवढा, ते नाही. चहा, दूध, सूप हेही पाण्यातच धरायचं, ते नाही.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. पुस्तिका छापायला जाण्याआधी पंचवीस रुग्णांना वाटून बघायची होती. बाईंनी विचार केला, कुणीतरी विचारीलच, पेला केवढा म्हणून. तेव्हा कळेल डॉक्टरांना, नुसतं गोड लिहून भागत नाही ते. कुणी विचारलं नाही तर काय, हा विचार दाराशी आला होता. बाईंनी त्याला आत घेतलं नाही.

"ताई, काही राहिलंय का?" नवीने विचारलं.

"काही नाही. छान झालंय."

"पाण्याचं पान नीट बघितलंत ना? त्यातलं मला फारसं कळत नाही."

"बघितलं म्हटलं ना," बाई म्हणाल्या आणि शेवटच्या पानावर त्यांनी सही ठोकली.

पुस्तिका वाटल्या, आणि बाराव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या शिंप्याला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. सहा वर्षं तो बाईंचा रुग्ण होता. बाईंचा पांढरा कोट त्यानेच दोनदा सैल करून दिला होता, आणि दोन्ही वेळा कापडच आटलंय असं सांगायचा सज्जनपणा दाखवला होता. आता त्याला श्वास पुरत नव्हता. पाय इतके सुजले होते की चपला बायकोच्या हातात होत्या. त्याला तडक रक्त गाळायच्या यंत्रावर घेतलं. दुपारी तो बोलण्याइतका सावरला, तेव्हा खाटेपाशी डॉक्टर, नवी आणि बाई उभ्या होत्या.

"पाणी किती पीत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुस्तिकेत आहे तेवढंच. चार पेले. आणि आपला चहा."

बायकोने पिशवीतून पेला काढला. चांगला उंच, रुंद तोंडाचा. नवीचा चेहरा उतरला.

"यात चारशे मावेल," ती म्हणाली. "मी मापच लिहिलं नाही. चूक माझी आहे, डॉक्टर."

बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. डॉक्टर नवीकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर बघायला त्या सहा महिने थांबल्या होत्या.

"पोरीला बोलू नका," शिंपी म्हणाला. "मलाही शंका आली होती. बाईंनी या पेल्यावर रेघ मारून दिली होती, घासून घासून गेली ती. रेघ होती निम्म्यावर, आणि पुस्तिकेत तर नुसते चार पेले. हिला म्हटलं, जाऊन विचारून येऊ. मग मागच्या पानावर बाईंची सही दिसली. म्हटलं, बाईंनी बघितलंय ना, मग विचारायचं कशाला? जन्मभर मापावर जगलो मी. बाईंच्या मापात कधी दोऱ्याएवढा फरक नसतो."

बाईंनी तो पेला हातात घेतला.

"डॉक्टर, मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "सही केली तेव्हाच."

डॉक्टर काही बोलायच्या आत नवी म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

शिंपी चौथ्या दिवशी चालत घरी गेला. वाटलेल्या पुस्तिका परत मागवल्या. डॉक्टरांनी बाईंकडून लेखी खुलासा मागितला, आणि ज्यांच्या नोंदी वाचायला रजा टाकावी लागे त्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या. 'चूक मला दिसली होती. हेवा वाटला म्हणून मी गप्प बसले.' एवढं सरळ त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद फाइलीत लावला आणि मान वर न करता म्हणाले, "या तुम्ही."

पुढच्या मंगळवारी बाईंनी नवीला वर पाठवलं नाही. पेला कसा भरायचा, रेघ कशी मारायची, कोण कोण काय काय लपवून पितं, सगळं शिकवलं. हातचं काही राखलं नाही. नवीने सगळं वहीत उतरवून घेतलं, वही मिटली आणि म्हणाली, "थँक्यू, बाई."

बाई. सगळं रुग्णालय म्हणायचं तसंच.

आता नवी कच्चा कागद आधी स्वयंपाकघरात नेते. मधली भिंत पातळ आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. स्वयंपाकीणबाईंना धड चष्माही लावता येत नाही, पण नवी त्यांच्यापाशी बसून सावकाश वाचून दाखवते आणि विचारते, "मावशी, यात काही राहिलंय का?" मावशी हात पुसत काहीतरी सुचवतात, आणि दोघी हसतात. एकोणीस वर्षं बाईंना त्या बाईचा कधी हेवा वाटला नव्हता.

मग पक्का कागद सहीला येतो. बाई तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, पुन्हा वाचतात. त्यात काही राहिलेलं नसतं. तरी पेन हातात धरून त्या जरा थांबतात.

"बाई, सही," नवी म्हणते.